मीठ बरोबर आहे का, ताई?

धसई, ता. मुरबाड
सोमवार, ९ जून २००३

ती. सौ. वहिनींना,

धाकट्या जावेचा पायांवर माथा. आसनगावला दादा आणि मुलं बरी असावीत, असं रोज देवापुढे मागते. इकडे सगळं ठीक. गाय व्याली, कालवड झाली. हर्षाली नववीत गेली.

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नका, कोणाचं काही बरंवाईट नाही. शेजारच्या ठकीच्या फोनवर बोलले असते, पण ठकी ऐकते.

दुपारी टीव्हीवर तो रांधायचा कार्यक्रम लागतो, उंच पांढऱ्या टोपीवाल्या शेफचा. तुम्हीही बघत असाल. त्यांनी गावाकडच्या भाज्या पोस्टकार्डावर लिहून मागवल्या होत्या. मी आपल्या रानातल्या शेवळांची पाठवली. शेवळं किती, खाज मारायला आंबट काकडफळांचा रस किती, तेल किती, मीठ किती चमचे, सगळं मापात. त्यांना ते मापच आवडलं म्हणे. येत्या शनिवारी मुंबईला बोलावलंय. ठकीकडे निरोप आला आणि गावभर झालं. हे म्हणतात, "आता तू टीव्हीत बसलीस, आमाला चाय कोन देल गो?" ठकी म्हणते, "त्या टोपीवाल्याला पयले माझ्याकडं शेवळं निवडाया बसव. खाजवत घरी जाईल."

मी हसते. पण निरोप आल्यापासून घास उतरत नाही.

भाजी झाली की तो शेफ चमचा पुढे करतो आणि विचारतो, "मीठ बरोबर आहे का, ताई?" शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून एकेक वाटी चाखायला देतो, आत काय घातलंय ते ओळखायचं. बायका हसत हसत ओळखतात.

मी ठकीला म्हटलं, नैवेद्याआधी मी जिभेला काही लावत नाही, तिथं कसं करू? ती म्हणाली, "मंग देवाचा फोटू पिशवीत घालून ने."

वहिनी, नियम खरा आहे. पण गोष्ट नियमाची नाही.

चार वर्षांपूर्वी मला विषमज्वर झाला होता. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती आलीच नाही. गूळ आणि मीठ मला सारखंच. मिरची जळजळते, शेवळांची खाज उठली तर कळते, बाकी सगळा ओला कोंडा. वाटलं, येईल महिन्याभरात. मग सांगायची वेळ निघून गेली, आणि नैवेद्याच्या नावाखाली झाकत आले. पावशेर डाळीला मीठ किती, ते हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलंय. तेवढं घालते आणि हर्षाली पहिला घास घेते तेव्हा तिच्या तोंडाकडे बघते. नुसता चमचा बदलला तरी माझा जीव थाऱ्यावर नसतो. तिथे तर सगळंच परकं.

तीन वर्षांमागे गौरीच्या त्या जेवणात माझं माप चुकलं. तुम्ही हळूच म्हणालात, "भिमे, डाळीत मीठ दोनदा पडलंय गो." आणि मी पंगतीत सगळ्यांसमोर बोलले, की सासूबाईंनी चूल माझ्या हाती दिली ते तुम्हाला सोसत नाही. तुम्ही उठून गेलात. मागाहून माणसं गुपचूप डाळीत पाणी ओतून घेत होती. मी पाहिलं, तरी तुम्हाला बोलवायला आले नाही.

मुंबईला मदतीला एक माणूस नेता येतं. यांना यातलं काही ठाऊक नाही, हर्षालीलाही नाही. तुम्ही याल का? चमचा पुढे आला की मी खरं सांगणार आहे, की मला चव कळत नाही, माझी थोरली जाऊ चाखेल. एकटीच्या तोंडून ते निघायचं नाही. आणि भाजी बिघडली असेल तर तिथेही तसंच सांगा. माझी भीड राखू नका.

शनिवारी सकाळी आठला कल्याणच्या एसटी स्टँडवर उतरते. साडेआठपर्यंत थांबेन. नाही आलात, तर मिळेल त्या गाडीने मागे फिरेन आणि कार्यक्रम रद्द झाला म्हणून घरी सांगेन. एक खोटं चार वर्षं सांभाळलं, त्यात आणखी एक.

भरल्या पानावरून तुम्हाला उठवणारी,
तुमची भिमी