शिट्टीच्या आधी दिलेला आशीर्वाद

प्रिय सौमित्र,

भोरहून रघुवीरचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना उतरू देतो ना? वहिनींना नमस्कार सांग आणि हे पत्र आधी त्यांनाच वाचू दे; तू मधेच नियम काढून बसशील.

मी सुखरूप आहे, पण हादरलेला आहे. परवापासून रोजनिशीत तारखेच्या पुढे काही लिहिता आलेलं नाही. आमच्या कॉलेजच्या मैदानावर तालुक्यातल्या मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना होता. नेमलेले पंच वरंधा घाटात अडकले आणि (तू मला एकदा पंचांच्या शिबिराला ओढून नेलं होतंस, हे नको त्या माणसाला आठवल्यामुळे) मला ग्रंथालयातून उचलून मैदानात उभं केलं. निदान ट्रॅव्हलिंग तरी चोख पाहायचं, असं मी ठरवलं. चेंडू हातात आला की एक पाय रोवलेला राहिला पाहिजे. तो सरकला की शिट्टी. इतकं स्वच्छ आयुष्यात दुसरं काही नसेल, असं तेव्हा वाटलं होतं.

शेवटचे काही क्षण उरले होते, आमचा संघ एका गुणाने मागे. आमच्या संघातली हिर्डोशीची रत्ना (एसटी चुकली तर चालत निघणारी मुलगी, जिल्हा संघात जायची तिची ही एकच संधी) चेंडू झेलून उतरली ती थेट माझ्या बुटावर. समोर बास्केट मोकळी. आणि तिने काय करावं? वडीलधाऱ्याला पाय लागला म्हणून चेंडू काखेत धरून ती वाकली, माझ्या बुटाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मी शिट्टी तोंडातून काढली, "सुखी राहा" म्हणालो, शिट्टी परत तोंडात घातली आणि ट्रॅव्हलिंग दिलं.

आमचा संघ हरला. जिंकलेल्या संघाचे प्रशिक्षक प्रद्युम्न यांनी तरीही हरकत घेतली, की खेळ चालू असताना पंचाने एकाच बाजूला आशीर्वाद दिला. तेवढ्यात रत्नाची आजी सगुणाबाई मैदान ओलांडून आल्या.

"पोर पाया पडली तर शिट्टी मारता व्हय? मग काय तुडवून जायाचं हुतं का तुमाला?"

नियमाप्रमाणे तुडवूनच जायचं होतं. रत्ना एवढंच म्हणाली, "सर, लई लागलं का?"

ज्या वाकण्याला मी आशीर्वाद दिला, त्यालाच दंड कसा दिला? दोन दिवस झाले, हे मला सुटत नाही.

तुझा,
रघुवीर

ता. क. जिल्हा संघाच्या निवड समितीत तू आहेस आणि त्याचा या पत्राशी काही संबंध नाही, असं लिहिणार होतो. आहे. रविवारच्या चाचणीला रत्नाला बोलाव.

आणखी एक. आमचा शिपाई कुमार याने मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ आत्ता पाहिला. वाकतानाही तिचा पाय माझ्या बुटावर रोवलेलाच होता. कळ आली म्हणून बूट मीच मागे ओढला आणि तिचा पाय त्याच्याबरोबर आला. पंच म्हणजे मैदानाचाच भाग, हे शिबिरात तूच शिकवलं होतंस. तेव्हा ट्रॅव्हलिंग झालं, यात शंका नाही. ते मैदानाने केलं. हे सगुणाबाईंना सांगायला उद्या हिर्डोशीला निघतोय. अंगठा सुजल्यामुळे बूट चढत नाही, चपलेवरच जाईन. एसटी मिळाली नाही तर चालत.