उरलेल्या कापडाचं झबलं

४ मार्च
आलो एकदाचा लेकीच्या घरी. जावयानं खालची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. पाय अडकू नये म्हणून लेकीनं सतरंज्या उचलल्या, कमोडवर उंच बैठक बसवली. जावयानं खुर्चीच्या पायांना लाकडी ठोकळे लावले. तीन सारखे, चौथा आखूड. खुर्ची डुलते. मी म्हटलं, जावईबापू, बरं झालं तुम्ही शिंपी नाही झालात.

चाळीस वर्षं लोकांच्या कमरा मोजल्या आणि माझीच कंबर दगा देऊन गेली. दोन्ही खुबे झिजलेत. हाडांचे डॉक्टर म्हणाले, मधली गादी संपली, हाडावर हाड घासतंय. मी म्हटलं, म्हणजे अस्तर गेलं. ते खूप हसले. नऊ तारखेला दोन्ही खुबे एकदमच बदलणार आहेत.

नात बावीस दिवसांची आहे. वरच्या खोलीत, पाळण्यात असते. मध्ये चौदा पायऱ्या आहेत. आज तिला खाली आणून माझ्या हातात दिली, पण तिला घेऊन मला उभं राहता येईना. माझं एवढंच मागणं आहे: नातीला उचलून स्वतःच्या पायांनी चार पावलं टाकायची.

६ मार्च
व्यायाम शिकवायला एक बाई येतात. कडक आहेत, पण मनानं लोण्यासारख्या. ऑपरेशननंतरचे तीन नियम त्यांनी माझ्याकडून घोकून घेतले. पायावर पाय टाकायचा नाही. कमरेतून फार वाकायचं नाही, म्हणून बुटक्या स्टुलावर बसणं बंद. चवडा आत वळवायचा नाही. यातलं काही केलं तर नवा खुबा निखळेल आणि उभंही राहता येणार नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

सूज येईल, म्हणून सैल विजार हवी म्हणाल्या. माझ्याकडे आहे एक. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं करड्या मऊ कापडाची शिवायला टाकली होती. तीन पावलं टाकायची आणि थांबायचं, अशी त्याची चाल. उरलेल्या कापडात माझ्या मुलीचं झबलं बसेल का, असं त्यानं विचारलं होतं. दोघांना बरोबरच जायचंय, एकसारखे कपडे हवेत, म्हणाला. मला कौतुक वाटलं. चार दिवसांनी कळलं की तो तळ्यात बुडून मेला. मुलीलाही घेऊन निघाला होता, पण तिच्या आईनं तिला वेळेवर हिसकावून घेतलं.

विजार शिवून तयार होती, झबल्याचं कापड तसंच पडलं. परवा त्याचं झबलं शिवून नातीसाठी आणलं. चांगलं कापड वाया का घालवा? आमचे उस्ताद सांगायचे, गिऱ्हाइकानं न नेलेला कपडा आधी उसवावा, मगच वापरावा. उस्तादांचं काय, ते मंगळवारी कात्रीसुद्धा धरत नसत. मला उसवायचा भारी कंटाळा.

८ मार्च
उद्या ऑपरेशन. लेकीनं नातीला झबलं घालून दाखवलं. काय गोड दिसते! विजार मला दोन बोटं लांब होते, म्हणून खाली दुमडून ठेवली.

१५ मार्च
घरी आलो. दुखतं, पण ते जुनं घासणारं दुखणं नाही. डॉक्टरांचे टाके आरशात पाहिले. हात चांगला आहे त्यांचा. मला वाकता येत नाही, म्हणून विजार लेकच चढवते. बाप लेकराचं लेकरू झालाय.

१९ मार्च
वॉकर धरून खोलीभर चाललो. बाई चकित झाल्या. अजून आठवड्यानं जमायचं ते आज जमलं म्हणाल्या. फक्त दर तीन पावलांनी का थांबता, असं विचारलं. मी थांबत नव्हतो. म्हणजे थांबत होतो, पण माझ्या मनात थांबायचं नव्हतं.

२२ मार्च
विजारीची दुमड लेकीनं सोडली. आता बरोबर घोट्यावर येते. ऑपरेशनमध्ये पाय थोडा लांबू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पण दीड इंच? दोन्ही पाय? लेकीला टेप धरायला लावून माप घेतलं. त्या गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी अजून विजारीच्या खिशात आहे.

तंतोतंत तेच माप. चाळीस वर्षांत दोन माणसांची मापं अशी जुळलेली मी पाहिली नाहीत.

२४ मार्च
दुपारी पलंगावर पडलो होतो. जाग आली तेव्हा जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभा होतो. वॉकर खाली. लेक किंचाळली, मग आनंदानं रडायला लागली. जावयानं टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, पाय तुमच्यापेक्षा हुशार निघाले.

सगळे खूश आहेत. मी मात्र पलंगाची कड धरून बसलो आहे.

२६ मार्च
लेकीला म्हटलं, ही विजार काढ आणि बाळाचं झबलंही काढ. सगळं सांगितलं, तळ्याचंसुद्धा. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिला. भुलीचा अंमल कधी कधी रेंगाळतो म्हणे. विजार धुवायला घेतली. झबलं मात्र राहू दे म्हणाली, तुमच्या हातचं आहे ना बाबा. मी कात्री मागितली तेव्हा घाबरली. घरातली प्रत्येक कात्री वर नेऊन ठेवली आहे.

२७ मार्च
विजार धुऊन खुंटीवर टांगली आहे. मी चादर गुंडाळून बसलो होतो. तरीही पाय निघाले. म्हणजे तो विजारीत नाही. माझ्या खुब्यांत आहे.

चौदा पायऱ्या. तीन चढायच्या, थांबायचं. कठड्याला घट्ट धरलं, तर बोटं सोलली. पाळण्यापाशी नेलं मला. नातीला मीच उचललं. माझेच हात, पण मी नाही उचललं. लेक आली, हरखली, तिनं फोटो काढला. आजोबा स्वतःच्या पायांवर! फोटोत मी हसतोय असं म्हणाली. मी ओरडत होतो—

पाय दाराकडे वळले होते. नात रडली म्हणून लेकीनं तिला घेतलं. नाहीतर रस्त्यापलीकडे बाग आहे आणि बागेत तळं.

देवा, हेच मागितलं होतं ना मी. नातीला घेऊन चार पावलं.

२८ मार्च
जावयाला हात जोडले. मला कोंडा, बांधून ठेवा, दवाखान्यात परत टाका. त्यानं डॉक्टरांना फोन केला. सोमवारी बघू म्हणाले. सोमवार चार दिवसांवर आहे.

बाईंना म्हटलं, हे खुबे परत काढा. त्या हसल्या. सगळ्यांना आधी असंच परकं वाटतं म्हणे.

२९ मार्च
सकाळी पाय दोनदा निघाले. दोन्ही वेळा पलंगाच्या कडेला हात बांधून घेतले होते, दातांनी गाठ मारून. गाठ सुटते. त्यालाही गाठी येतात—

लेकीला शिव्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. नातीला घेऊन माहेरी जा म्हटलं. ती रडत म्हणाली, बाबा, माझं माहेर इथेच आलंय ना, तुमच्या खोलीत.

तीन नियम. काय होते तीन नियम?

३० मार्च, सकाळ
जावई कामावर. लेक वर न्हाणीत, नळ मोठा सोडलाय. नात पाळण्यात, अंगात तेच झबलं. पाय वळवळायला लागलेत.

बुटकं स्टूल सापडलं. बसलो. गुडघे छातीशी. डावा पाय उजव्यावर. चवडा आत. अजून आत. बाई, माफ करा.

डावा गेला. आवाज झाला. आई गं—

लिहायला हवं. लिहिलं नाही तर शुद्ध जाईल. आता उजवा. नात माझी. हिला नाही नेणार तू—

गेला. दोन्ही गेले.

जमिनीवर पडलोय. पाय कापडाच्या बोळ्यासारखे. हलत नाहीत. एक बोटही हलत नाही. जिंकलो मी. पोरी, तुझा बाप जिंकला. घशातून आवाज निघत नाही. ती खाली आली की सांगेन. आता झबलं राहू दे नातीच्या अंगात—

खुंटी रिकामी आहे.

विजार कुणी काढली? खाली कुणी नाही

जिन्यावर वाजतंय. कापडाचं. हलकं. एक, दोन, तीन. थांबलं.

ए— ए पोरी— नळ बंद कर— नळ

एक, दोन, तीन. थांबलं. मला उठवा कुणीतरी. माझे पाय द्या, मीच मोडले, मीच एकटा होतो त्याला अडवायला

एक, दोन

पाळण्याची कडी वाजली. नात हस