चार दिवसांचं पाणी

गुरुवार, ७ फेब्रुवारी १९७४

ही डायरी एका सप्लायरने कंपनीत वाटली, माझ्यापर्यंत यायला महिना लागला. पहिली सदतीस पानं कोरी राहणार. हरकत नाही. मोठ्या कामाची सुरुवात एक जानेवारीलाच होते असं थोडंच आहे?

संकल्प. एक : घरातलं पाणी यापुढे मी भरणार. कस्तुराला चौथा महिना लागला आहे. मागच्या वर्षीचं तिसऱ्यातच गेलं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी बजावलंय, भरली कळशीसुद्धा उचलायची नाही. दोन : परसात कोंबड्या. आत्ता पिल्लं आणली तर ऑगस्टात अंडी सुरू, आणि ऑगस्टातच घरात बाळंतीण. प्लॅनिंग म्हणतात ते हेच. तीन : ओव्हरटाइम बंद.

शनिवार, ९ फेब्रुवारी

पाणी गोजाबाईंच्या विहिरीवरून आणावं लागतं. गोजाबाई आमच्या घरमालकीण, पिढीजात पिंपळे गुरवच्या. विहीर परसापासून साठ पावलं. सकाळी सहाला सायकल काढली नाही तर पंचिंग लेट होतं, आणि अंधारात विहिरीच्या काठावर पाय घसरण्याचा संभव. घरचा एकटा कमावता माणूस विहिरीत पडला तर काय, याचाही विचार करावा लागतो. आज दोन हंडे गोजाबाईंनीच आणून दिले. सोमवारपासून मी नक्की.

आज ओव्हरटाइम केला. शेवटचा.

सोमवार, ११ फेब्रुवारी

पिल्लं आली! पांढरी लेगहॉर्न, एक दिवसाची, चाळीस. खडकीहून खोका सायकलवर बांधून आणला. सगळी जिवंत.

कस्तुराने एकेक पिल्लू तळहातावर घेतलं आणि त्याची चोच वाटीतल्या पाण्यात टेकवली. चाळीसच्या चाळीस. तासभर गेला. मी म्हणालो, तहान ही नैसर्गिक गोष्ट आहे, ती शिकवावी लागत नाही. ती म्हणाली, ह्यांना आई न्हाई, कुणीतरी पाणी दावाया नको का? अशिक्षितपणा, दुसरं काय. पण तिचा चेहरा वर्षभरात एवढा खुललेला पाहिला नव्हता, म्हणून जास्त बोललो नाही.

पाणी भरायचं आज खोक्याच्या गडबडीत राहिलं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

संध्याकाळी आलो तर परातीत दोन पिल्लं बुडून मेलेली. परात माझी निवड होती, पण परातीचा दोष नाही. पिल्लांनी खोलीचा अंदाज घ्यायला हवा होता.

गोजाबाई कुंपणावरून म्हणाल्या, आरं किसना, ताटलीत चार गोटे टाक, त्येंच्या मधलं पाणी पित्यात पिल्लं, बुडत न्हाईत. आता यांना काय सांगायचं? मी आठ वर्षं इन्स्पेक्शनला आहे. कास्टिंगमध्ये हवा भरायची, जॉब पाण्यात बुडवायचा, एक जरी बुडबुडा आला तरी रिजेक्ट. माझ्या हाताखालून गळका जॉब बाहेर गेलेला नाही. आणि मी गोटे टाकू?

कस्तुराने मात्र टाकले. रात्रीपर्यंत बुडालं नाही एकही. योगायोग.

बुधवार, १३ फेब्रुवारी

कस्तुरा ताटलीत तांब्याने पाणी घालते. दिवसातून सहा-सात वेळा उठबस. म्हटलं, एकदाच भरून ठेव, रिकामी झाली तर बघतील वाट. तर तिने आणखी एक तांब्या ओतला. मग म्हणाली, त्यांना वाट बघाया लावायची नाही.

तिचं माहेर खेडजवळचं. लहानपणी आईबरोबर गावच्या विहिरीवर जायची तेव्हा यांनी विहिरीला हात लावायचा नाही, लांब उभं राहायचं. कुणाच्या मनात आलं तर तो शेंदून वरून ओतणार. कधी सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत उभं राहावं लागे. इथे आल्यावर गोजाबाईंनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं, घे की पोहरा, शेंद तुझ्या हातानं. त्या दिवशी गरज नसताना तिने चार हंडे भरले होते.

वाट बघणं हा प्रश्न मी शास्त्रीय पद्धतीने कायमचा मिटवणार. तिला वाकायला नको, पिल्लांना थांबायला नको.

गुरुवार, १४ फेब्रुवारी (सुट्टी)

तयार झाला! गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा. एका बाजूचा पत्रा पूर्ण कापला. दुसऱ्या बाजूचा सांधा गंजला होता, तो पिंपरीत झाळून घेतला. डबा पाण्याने भरायचा, तोंडावर परात ठेवायची आणि दोन्ही एकदम उलटं करायचं. काठाजवळ भोक आहे, परातीत पाणी कमी झालं की तेवढंच खाली येतं. वरून हवा जायला जागा नाही म्हणून बाकीचं आत थांबतं. आपोआप! परातीत गोटे आहेत, ते कस्तुराच्या समाधानासाठी. हिशेबाने पाणी चार दिवस पुरतं.

पिवळ्या रंगाने डब्यावर ‘ओके’ लिहिलं. टेस्ट घेतली नाही. स्वतःच्या हातचं काम, नजरेनेच पास केलं.

कस्तुराने विचारलं, भरलेला डबा उलटा करायचा तर जड जाईल की. म्हणालो, तुला काय त्याचं? चार दिवसांतून एकदा, मी करीन.

सोमवार, १८ फेब्रुवारी

आज चौथा दिवस. कंपनीतून आल्यावर डब्यावर बोट वाजवून पाहिलं. वरपर्यंत बद्द आवाज. भरलेला! पिल्लं अपेक्षेपेक्षा जपून पाणी पितात.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

आठवा दिवस. अजून भरलेला. काल सुट्टीच्या दिवशी लक्ष ठेवून होतो. सकाळी दहाला वाजवला, भरलेला. जेवून जरा पडलो, साडेचारला वाजवला, भरलेला. पहाटे दव पडतं, त्याचा भाग असावा. निसर्ग आणि इंजिनिअरिंग एकत्र आल्यावर असं होतं.

दत्तोबाला सांगितलं. दत्तोबा आमच्या डिपार्टमेंटचा टर्नर, चांगला मित्र, पण जरा मत्सरी. म्हणतो, राव, पिल्लं पाणी पितात का नुसती त्यात तोंड बघतात?

बुधवार, २७ फेब्रुवारी

कंपनीच्या सजेशन स्कीमसाठी अर्ज लिहिला. ‘पाणी एकदा भरले असता तेरा दिवस पुरते.’ कस्तुराला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. तेरा म्हणू नका, चारच लिहा, म्हणाली. बायकांना मोठं स्वप्न बघायची सवयच नसते. मी तेराच ठेवलं.

घरचं पाणी भरण्याचा संकल्प मार्च महिन्यात नव्याने सुरू करणार. पगाराचा दिवस, महिन्याची पहिली तारीख, असं काही निमित्त असलं की काम तडीस जातं.

शनिवार, २ मार्च

काल पगार, पहिली तारीख, दोन्ही होतं. पण ओव्हरटाइम आला.

कस्तुराचा पदर आणि निऱ्या संध्याकाळी ओल्या असतात. या दिवसांत बायकांना उष्मा फार होतो म्हणतात, अंगावर पाणी घेत असेल. कंबरही धरते. येताना मालिशचं तेल आणलं. नवऱ्याने एवढं केलं म्हणजे पुरे.

मंगळवार, ५ मार्च

गोजाबाईंची तक्रार : तुज्या खुराड्यामुळं माज्या कुंपणाकडं चिखुल झालाय. पिल्लं पाय धूत असतील, म्हटलं. शेजाऱ्याची प्रगती कुणाला बघवते?

जाता जाता म्हणाल्या, बायकूला जप जरा, सारखी वाकल्याली असती. मी कस्तुराला विचारलं, तू विश्रांती घेतेस ना? घेते की, म्हणाली. विषय संपला.

सोमवार, ११ मार्च

दोनच्या सुमारास गेटवर निरोप आला. दवाखान्यात गेलो. गोजाबाईंनी टांग्यातून आणलं होतं.

मुलगा होता असं नर्स म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

मंगळवार, १२ मार्च

कंपनीत गेलो नाही. तिच्या कॉटजवळ बसून आहे. धीर यावा म्हणून म्हणालो, घरची काळजी करू नकोस, चार दिवसांचं पाणी आहे पिल्लांना. तिने डोळे उघडले. घरी जा, म्हणाली. म्हटलं, पाणी आहे गं. तर, जा आधी घरी, पाया पडते तुमच्या, जा. अंगात ताप होता. नर्स म्हणाली, असं बोलतात पेशंट. मी तिथेच बसलो.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, कशामुळे? त्या म्हणाल्या, असं एका कारणाने झालं असं सांगता येत नाही.

बुधवार, १३ मार्च

संध्याकाळी घरी आलो. डबा वाजवला. पोकळ.

पिल्लं जिवंत आहेत. गोजाबाईंनी कालपासून त्यांना ताटलीत पाणी घातलं. काल सकाळी वरडाया लागली, म्हणाल्या, तवा बघितलं तर परात कोरडी. मग डब्याकडे बोट करून म्हणाल्या, आरं, त्यो डबा तुजी बायकू दिसातनं तीनदा भरत व्हती. इतनं शेंदायचं, तितवर न्यायचं, भरायचा, आन् पोटाशी धरून उलथा करायचा. म्या किती बोलले. मला म्हनली, आत्या, त्यांना सांगू नका, लई हौसेनं केलाय त्यांनी.

गोजाबाईंना वाढवून सांगायची सवय आहे.

गुरुवार, १४ मार्च (सुट्टी)

दवाखान्यात जाण्याआधी डबा विहिरीशेजारच्या हौदावर नेला. तोंड खाली धरून पाण्यात दाबला, कंपनीत जॉब दाबतो तसा. झाळलेल्या कोपऱ्यातून बुडबुडे आले. थांबेचनात. मोहरीएवढं भोक आहे. तेवढ्यातून हवा आत जाते आणि सगळं पाणी परातीवरून वाहून जातं. पुन्हा एकदा बघावं म्हणून भरून परातीत उलटा केला. भरलेला डबा उलटा करताना माझ्याच कमरेत कळ आली. सकाळी सातला भरला, साडेदहाला रिकामा.

दिवसातून तीनदा. पंचवीस दिवस. पुढचा गुणाकार केला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एका कारणाने झालं असं सांगता येत नाही. ते मी परवा लिहून ठेवलंय. मागचं पान उघडून दोनदा वाचलं.

शनिवार, १६ मार्च

दत्तोबाने विचारलं, अर्ज टाकला का राव? फाडला म्हणालो. तो हसला नाही. जेवणाचा डबा खाली ठेवून मला चहा प्यायला घेऊन गेला.

सोमवार, १८ मार्च

कस्तुराला काल घरी आणलं.

आज साडेचारला उठलो. विहिरीवर पाय घसरला नाही. दोन हंडे शेंदले, दोरीने तळहात सोलले. पहिला हंडा विसाव्या पावलावर खाली ठेवावा लागला, मग चाळिसाव्या. भरलेला हंडा जड असतो. मला माहीत नव्हतं.

अडतीस पिल्लांना ताटलीत पाणी घातलं. गोटे होतेच.

कस्तुरा दाराशी येऊन बसली. पोटावर दोन्ही हात ठेवायची तिला सवय झालेली, तसेच ठेवले, मग काढून घेतले. पिल्लं पाणी पीत होती ते पाहत राहिली. मग विचारलं, डबा कुठाय?

सगळं सांगायचं म्हणून मी रोज सायकलवर पाठ करत आलो होतो. तोंडातून निघालं, गंजला होता, भंगारात दिला.

ती म्हणाली, चांगला होता की. चार-चार दिवस पाणी पुरायचं.

हो, म्हणालो मी.