एकही केस दिसला तर

१९ फेब्रु.
नीलेशने ताट फेकलं. वरणात केस निघाला. एकच, पांढरा, ब्रूनोचा. ताट दाराच्या चौकटीवर आपटलं, वरण भिंतीवर गेलं आणि पोरगा उठला तो सरळ कुत्र्याकडे. दोन लाथा घातल्या. दुसरी बरगडीत बसली. ब्रूनो एकदाच ओरडला आणि ओट्याखाली जाऊन बसला. मी मध्ये गेले तर म्हणे, "तू मधात येऊ नको, आई. सांगून राह्यलो."

कुत्रा आणला कोणी? यानेच. दोन वर्षांपूर्वी. "लॅब्रॅडॉर हाय, ओरिजनल," म्हणून गल्लीभर मिरवला, पन्नास फोटो काढले, आणि पंधरा दिवसांत माझ्या गळ्यात. हौस त्याची, हगवण निस्तरायची मी.

२० फेब्रु.
भिंत पुसली. पिवळा डाग राहिलाच.

आर्णीहून फोन. अश्विनीचे वडील. मागच्या महिन्यात आम्ही मुलगी पाहून आलो, आता ते घर पाहायला येतात. ९ मार्च, रविवार. मुलगीही येणार. हल्ली येतात मुलीही, चांगलंच आहे. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, बोलायला सरळ. चार ठिकाणी नकार आल्यावर हे पाचवं. नि. खुशीत होता. मग खुर्चीवरून उठला, आरशासमोर गेला, आणि काळ्या पँटला मागे सगळे पांढरे केस.

"त्या दिवशी घरात एकही केस दिसला तर ह्याले जुन्या खाणीच्या खड्ड्यात टाकतो. गोटा बांधून."

तोंडाची वाफ नाही ही. मागच्या वर्षी मांजरीची तीन पिल्लं पोत्यात घालून त्याच खड्ड्यात सोडून आला होता. आल्यावर हात धुऊन जेवायला बसला. मी वाढलं.

२२ फेब्रु.
उन्हाळा लागला की हे कुत्रं अंगावरचं सगळं सोडतं. वणीत आधीच कोळशाची धूळ. पांढऱ्या फरशीवर काळं, काळ्या सोफ्यावर पांढरं. झाडू हातातून सुटत नाही.

शाळेत शिकवायचे तेव्हा मुलींच्या उवा काढायची माझी फणी शोधून काढली. ब्रूनोच्या पाठीत अडकली, चार दात गेले. तो आपला शेपटी हलवतोय. वेडा.

२४ फेब्रु.
जनावरांचा दवाखाना. डॉक्टर रजेवर, ड्रेसिंग करणारा होता. बरगडी दाबली तसा ब्रूनो किंचाळला.
"गाडीनं ठोकला का बाई?"
हो म्हटलं.
औषध दिलं. केसांचं विचारलं तर म्हणाला, "भादरू नका. उन्हात कातडं भाजते त्याचं. खरारा करा." बाजारातून आणला एक. लोखंडी, पोळ्याला बैल घासतात तसला. दुकानदार विचारतो, "बैलजोडी घेतली का बाई?" म्हटलं, एक आहे घरात. तो हसला. मला हसू आलं नाही.

२५ फेब्रु.
लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

सकाळी अंगणात अगदी हलक्या हाताने खरारा फिरवला. केस निघाले, पण कातडी लाल झाली. थांबले. दुपारी नि. आला. कोळशाच्या यार्डात ट्रक भरण्यावरून ड्रायव्हरशी मारामारी करून आला होता, बोटांची सालं निघालेली. यार्डाचा सुपरवायझर आहे म्हणजे सगळ्यांना हाणायचा परवानाच मिळाला. मला पाहून म्हणाला, "असं नाई, आई. जोर लाव." खरारा हिसकला. ब्रूनोची मान दोन गुडघ्यांत दाबली आणि ओढला. मानेपासून शेपटीपर्यंत. पुन्हा. पुन्हा. रक्ताच्या रेघा उमटल्या तरी ओढत होता. ब्रूनो चावला नाही. चावायला पाहिजे होतं.

मी आतून लाटणं आणलं आणि नि.च्या खांद्यावर घातलं. दोन वेळा, होतं नव्हतं तेवढं बळ लावून. त्याने माझं मनगट धरून पिळलं, लाटणं पडेपर्यंत. ते पडल्यावरही पिळलं.

"तू काय कमी मारलं मले?"

२६ फेब्रु.
मनगट सुजलं. डाव्या हाताने लिहिते आहे.

मारलं. खोटं का लिहू, इथे कोण वाचणार आहे? शाळेत मारलं, घरी मारलं. पाढे चुकला म्हणून, खोटं बोलला म्हणून. एकदा पट्टीची कड लागून कानामागे फाटलं, हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेला. हे गेल्यावर तर जास्तच मारलं. म्हटलं, बाप नाही, पोर हाताबाहेर जायला नको. गावात लोक म्हणत, बाईंचा धाक आहे. मला ते आवडायचं.

म्हणून काय आता मी मार खायचा? आणि त्या मुक्या जनावराने कोणाचं काय घोडं मारलंय?

२८ फेब्रु.
पाहुण्यांसाठी दोन गाद्या पिंजायला टाकायच्या म्हणून कादरभाईंना बोलावलं. दोन घरं सोडून त्यांचं गादीचं दुकान आहे, मागे कापूस पिंजायचं मशीन. आले, गाद्या पाहिल्या, मग ब्रूनोची पाठ पाहिली, मग माझं मनगट. मी म्हटलं, न्हाणीत घसरले. ते म्हणाले, "हाव." नुसतं हाव.

मग खरारा उचलून पाहिला. "बाई, हे बैलाचं हत्यार हाय. कायले लावता लेकराले?" आणि तो खिशात टाकून घेऊनच गेले. संध्याकाळी पोराच्या हाती नाही पाठवलं, स्वतः आले. पिंजायच्या मशीनचा जुना दातेरी पट्टा असतो, बारीक तारांच्या आकड्यांचा. त्याचा वीतभर तुकडा लाकडी ठोकळ्यावर खिळे मारून बसवला होता. "बोथट झाल्या तारा. आता कापूस नाई धरत, केस धरतीन." माझ्यासमोर आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूने ओढून दाखवला. ओरखडा नाही. मग मला दिला.

इतकं साधं कोणी वागलं की रडू येतं. त्यांच्यासमोर आवरलं.

१ मार्च
चालतो! जखमा सोडून बाकी अंगावर फिरवला. केसांच्या दिशेने, आखूड आखूड हात. वरचे केस तसेच राहतात आणि खालची लव थराथराने निघून येते. तासाभरात पिशवी भरली. आधी अंग चोरून उभा होता, मग आडवाच पडला, डोळे मिटले. पोटाशी फिरवला की मागचा पाय आपोआप हलायचा.

पिशवी कादरभाईंना दाखवली. "अर्धी उशी भरीन बाई," म्हणाले. मी खूप दिवसांनी हसले.

४ मार्च
दिवसातून दोनदा तोच कार्यक्रम. आधी अंगणात ब्रूनो, मग ओल्या हातमोज्याने सोफा, मग पडदे, मग नि.च्या पँटा. मनगट दुखतं पण आता वळतं.

आज नि.ने सोफ्यावर हात घासला, तळवा उजेडात धरून पाहिला. काही नाही. "वा," म्हणाला. मग स्वतःहून, "आई, चहा टाक न आलं घालून." बसून प्याला. ब्रूनो समोरून गेला तरी पाय उचलला नाही. वाटलं, केसांचंच होतं सगळं. एवढासा ठोकळा आधी मिळाला असता तर.

७ मार्च
गाद्या आल्या. ब्रूनोच्या पाठीच्या खपल्या पडायला लागल्या. तीन दिवस घरात आवाज नाही. माझीच नजर लागायची, जास्त लिहीत नाही.

९ मार्च, रविवार
तिघे आले, अकराला. आईवडील आणि अश्विनी. आलूबोंडे, चिवडा, चहा. तिच्या आईने बोलता बोलता खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, मी पाहिलं. बोट स्वच्छ. वडील काळी पँट घालून आले होते, दीड तास सोफ्यावर बसले, उठले तेव्हा मी आधी तिकडेच पाहिलं. काही नव्हतं. अश्विनीने ब्रूनोला जवळ बोलावलं, तो गेला, तिच्या पायावर हनुवटी ठेवून बसला. "कुत्रा असूनही घर किती स्वच्छ ठेवलं बाईंनी," असं तिचे वडील म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की जीभ सैल सुटली. शाळेच्या गोष्टी निघाल्या आणि मी म्हटलं, मी गणिताची बाई आणि माझाच पोरगा दहावीला गणितात दोनदा गेला! सगळे हसले. नि. सुद्धा हसला.

जाताना वडील म्हणाले, आम्हाला पसंत आहे, अश्विनीशी बोलून बुधवारी कळवतो.

गाडी वळेपर्यंत नि. दारात हात जोडून उभा होता. मग आत आला, कडी लावली.

"मजा आली? माह्या सासऱ्यासमोर मजा आली?"

मी काही बोलायच्या आत कानशिलात बसली. नंतर मान धरून टीपॉयच्या कडेवर. कपबशा फुटल्या. खालचा एक दात हलतो आहे, ओठ आतून फाटला. ब्रूनो मध्ये आला. पहिल्यांदा गुरगुरला. दोन वर्षांत पहिल्यांदा. नि.ने खुर्ची उचलून त्याच्यावर घातली, त्याचा पुढचा पाय सापडला. तो आवाज अजून कानात आहे. मग खुर्ची टाकून गाडी घेऊन निघून गेला.

मी फरशीवर पडले होते, गाल टेकून. तिथून सोफ्याखालचं सगळं दिसत होतं, थेट भिंतीपर्यंत. एकही केस नव्हता.

१० मार्च
ब्रूनोच्या पायाला दवाखान्यात पट्टी बांधली. तोच माणूस. "पुन्हा गाडी?" त्याने माझ्या ओठाकडे पाहिलं आणि पट्टी बांधायला लागला.

नि. सकाळी आला. माफी नाही, काही नाही. जाताना म्हणाला, "लग्न झालं की होईन सगळं बरोबर."

अश्विनीचंही या घरात असंच होईल. केस असोत नसोत. मीठ कमी पडेल, नाहीतर कोणाशी हसून बोलेल. मला आता कळलं हे. खरं तर तेव्हाही कळत होतं, मांजरीची पिल्लं नेली तेव्हा. मी वाढलं त्याला जेवायला.

११ मार्च
दुपारी अश्विनीचा फोन. लॅबमधून, हळू आवाजात.

"काकू, एक विचारू का? राग नका मानू."
विचार म्हटलं.
"परवा ते पंख्याचं बटन लावायले उठले न, हात वर केला, तर कुत्रा एकदम सोफ्याखाली घुसला. काहून घुसला?"
म्हटलं, अगं, उकाडा आहे. खाली फरशी गार असते.
मग म्हणाली, "आणि काकू, तुम्ही? तुम्ही पण मान आत ओढली."

मला माहीतच नव्हतं. मी ओढली असेन. खरंच मला माहीत नव्हतं.

म्हटलं, मानेचं दुखणं आहे ग, जुनं. शाळेत खडूने वर लिहून लिहून.

"बरं काकू. तुमी म्हणता तर तसंच असन. मंग मी उद्या घरी हो म्हणून सांगते."

फोन ठेवला. बत्तीस वर्षं पोरांना खोटं बोललं म्हणून मारलं आणि आज एका पोरीने सरळ विचारलं तर दोन वाक्यांत दोन खोटी. तिने विश्वास ठेवला. बाई आहे, शिक्षिका आहे, खोटं कशाला बोलेल.

खरं सांगायचं ठरवलं तर नि. मला सोडणार नाही. ब्रूनोला तर नाहीच. आणि नाही सांगितलं तर म्हातारपणी घरात सून येईल, मार वाटला जाईल, माझ्या वाट्याला कमी येईल. हा विचार माझ्या मनात आला. लाज वाटते, पण आला, म्हणून लिहिते.

१२ मार्च, बुधवार
पावणेआठ. तिच्या वडिलांचा फोन अजून नाही. अश्विनी नऊला लॅबमध्ये जाते, त्याआधी घरी बोलेल. ब्रूनो तीन पायांवर माझ्यामागे मागे फिरतो आहे. कादरभाईंना विचारलं, दोन-चार दिवस ठेवाल का याला? कशासाठी ते विचारलं नाही, म्हणाले, "आत्ताच आणा. आन् बाई, तुमीबी या."

नि. न्हाणीत गेला आहे. पाण्याचा आवाज येतो. अश्विनीचा नंबर लावते.