चार भोकांचे पैसे

२ मार्च, सोमवार

कापले! डिपॉझिटमधून निम्म्याहून जास्त कापले! टॉर्चकाकांनी मोबाईलवर कपातीचे मुद्दे पाठवलेत आणि शेवटी हात जोडल्याचं चित्र. आधी खिसा कापायचा, मग नमस्कार करायचा — काय संस्कार आहेत!

टॉर्चकाका म्हणजे आमचे जुने घरमालक. वरच्या मजल्यावर ते आणि काकू, खाली मी आणि बाबा. भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या असताना टॉर्च मारून भिंती बघणारा माणूस. 'खालची जागा आता आम्हालाच लागणार आहे,' म्हणून त्यांनीच आम्हाला घर सोडायला लावलं. वर तीन खोल्यांत दोन माणसं, आणि यांना आणखी जागा लागणार! दुसरा कोणी भाडेकरू जास्त भाडं द्यायला तयार झाला असणार, दुसरं काय.

बाबांच्या कवळीचे पैसे यातूनच द्यायचे होते. उरलेसुरले दात काढून झाले, माप घेऊन झालं. आता डॉक्टर म्हणतात, निम्मे पैसे आले की बनवायला पाठवतो. बाबा पी.टी.चे मास्तर होते. अख्खी शाळा त्यांच्या आवाजाला थरथरायची. आता 'सावधान' म्हणाले तर समोरच्याला तोंड पुसावं लागेल.

४ मार्च, बुधवार

एक मुद्दा डोक्यात शिरत नव्हता — 'खिळ्यांची भोकं चुकीच्या पदार्थाने बुजवल्याबद्दल.' चुकीचा पदार्थ?

बाबांना विचारलं. बाबा एकदम पेपर वाचायला लागले. उलटा.

तर झालं असं. सामान हलवायच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात असताना त्यांनी हॉलमधली सगळी भोकं टूथपेस्टने बुजवली. दात गेल्यावर भरलेली ट्यूब उरली होती, ती वाया कशाला घालवायची! भिंत पांढरी, पेस्ट पांढरी. वरून बोटाने गुळगुळीतही केलं म्हणे. मला तर पत्ताच लागला नव्हता.

मुंग्यांना लागला. टॉर्चकाका फोनवर म्हणाले की त्यांच्या हॉलला सध्या नुकतेच दात घासल्यासारखा वास येतोय. 

७ मार्च, शनिवार

पेस्टचं सोडून दिलं. पण बाथरूमच्या चार भोकांचं सोडणार नाही. सगळ्यात मोठी कपात तीच आहे. बाबा तिथे घसरले तेव्हा धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतला होता, त्याची ही भोकं.

मी कुरिअरच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोक फुटलेल्या वस्तू घेऊन येतात आणि मी त्यांना गोड आवाजात सांगते की चूक त्यांचीच आहे. पैसे न देण्याची सगळी भाषा मला तोंडपाठ, मागण्याची कुठे येते! तरी ऑफिसच्या थाटात लिहून पाठवलं — 'सदर भोकं ही नेहमीच्या वापरातून झालेली झीज आहे.'

लगेच उत्तर आलं. 'झीज ड्रिल मशीनने होत नाही.'

आपल्या खिडकीला असाच माणूस हवा, असं क्षणभर वाटलं. मग पुन्हा राग आला.

११ मार्च, बुधवार

समोरासमोर भांडून आले. काका खालच्याच घरात होते. टॉर्च घेऊनच दार उघडलं. हॉलमध्ये पलंग मांडलेला, म्हणजे नवा भाडेकरू आलासुद्धा! मला थेट बाथरूममध्ये नेऊन एकेका भोकावर झोत टाकला, म्हणाले टाइल बदलावी लागेल. मी म्हटलं, काकूंना विचारून बसवला होता दांडा. तर म्हणे, तिला विचारलंस, मला कुठे विचारलंस?

मग म्हणाले, निदान दांडा तरी ठेवून जायचा. म्हणजे भोकांचे पैसे घेणार ते घेणार, वर दांडाही फुकट हवा! माझ्या पैशांचा दांडा आहे म्हणून सांगितलं आणि निघाले. नव्या घरात मालकीणबाई भिंतीला टाचणीही टोचू देत नाहीत, त्यामुळे तो पलंगाखाली पडून आहे. पण पडून आहे तो माझ्याच पलंगाखाली!

काकू दिसल्या नाहीत. एरवी वरून हाक मारल्याशिवाय राहत नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

बाबांनी आज पुन्हा केळं कुस्करून खाल्लं. माझ्याकडे न बघता.

१५ मार्च, रविवार

सकाळी टॉर्चकाकांचा फोन. पैशांचं अवाक्षर नाही. 'तो दांडा कुठे मिळतो गं?' म्हणजे आता दांड्याच्या मापावरून भोकांचा आकार काढणार! मी खिडकीवरच्या आवाजात म्हटलं, 'आपली तक्रार नोंदवली आहे. धन्यवाद.' आणि फोन ठेवला. काय बरं वाटलं!

बाबांना साभिनय करून दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, 'परत लाव फोन.'

लावला. काकू त्याच बाथरूममध्ये पडल्यात. हाताला प्लास्टर आहे. गुडघ्यांमुळे जिना चढता येत नव्हता, म्हणून खाली राहायला आल्या होत्या. पलंग त्यांचाच होता. बुधवारी मी त्याच्या शेजारी उभी राहून तावातावाने भांडत होते, तेव्हा त्या हॉस्पिटलात होत्या. मी विचारलं, हे आम्हाला आधी का नाही सांगितलं? काका म्हणाले, 'आम्ही म्हातारे झालो, हे भाडेकरूला काय सांगायचं?'

मला लाज वाटली. तरी बाबांना म्हटलंच — इतके पैसे कापले त्या माणसाने, आणि आपण दांडा द्यायचा?

बाबा म्हणाले, 'द्यायचा. काकांना बडवायचं असेल तर आधी त्यानेच बडव, मग लावून ये.'

१६ मार्च, सोमवार

ऑफिस सुटल्यावर जाऊन दांडा लावला. जुन्या भोकांतच बसला, नवं एकही पाडावं लागलं नाही. मला स्क्रू दिसावेत म्हणून काका टॉर्च धरून उभे होते. झोत सगळ्या भिंतीभर फिरत होता. काकूंनी चांगल्या हाताने दांडा धरून बघितला. 'टाइल बदलायची नाही,' काकांना म्हणाल्या. काका बरं म्हणाले.

निघताना त्यांनी पाकीट दिलं. बसमध्ये उघडलं. भोकांचे पैसे सगळे परत. पेस्टचे मात्र कापलेत!

बाबांना सांगितलं तर एवढे हसले, एवढे हसले, अख्खं बोळकं उघडून. उद्या कवळीचे पैसे भरायला जायचं आहे.