करंट गेल्यानंतरचा शेवट

अण्णा,

आज त्या जुन्या मालिकेवरून पुन्हा भांडण लागलंय. आम्हा चाहत्यांचं इंटरनेटवर एक पान आहे, त्या गायकाचं. तोच, ज्याच्या कॅसेटी मी दिवसभर वाजवायचो आणि तुम्ही म्हणायचात, ‘ह्याला कुणी सर्दीचं औषध द्या रे.’ आता तोही म्हातारा झाला आणि आम्हीही टकले झालो, तरी रोज कुणी ना कुणी तिथं येऊन एखादं गाणं मांडतं आणि बाकीचे कडाकडा भांडतात. आज विषय निघाला, त्यानं जिचं शीर्षकगीत गायलं होतं त्या मालिकेचा शेवट काय होता? रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही. इंदूरच्या एका बाईंनी ठासून लिहिलं, ‘मला स्वच्छ आठवतंय, ती ऑटोतून उतरते, बापाच्या दाराबाहेर उभी राहून गाते आणि बाप दार उघडतो. माझी आई रडली होती बघताना.’ अण्णा, हा प्रसंग कुणी कधी चित्रित केलेलाच नाही. तो तुम्ही रचलात, आपल्या बेंगळुरातल्या कॉटनपेटच्या घरात, अंधारात, फोन कानाला लावून. इतक्या वर्षांत तो मी ह्या लोकांना इतक्यांदा सांगितलाय, की आता त्यांना तो बघितल्यासारखा आठवायला लागलाय. बाईंची चूक दाखवावी म्हणून मी उत्तराची चौकट उघडली आणि बोटांनी ‘अण्णा’ असं लिहिलं. आता लिहितोच.

तो हिवाळा तुम्हाला आठवतो का? मी इंजिनीअरिंग अर्ध्यात सोडलं होतं. तोंडी परीक्षेत मी बाकावर बोटांनी ठेका धरला होता, सवयीनं, आणि सर म्हणाले, ‘बँडमध्ये जा, तिथं जमेल तुला.’ मी म्हणालो, ‘जातो की’, आणि लॅबचा पांढरा कोट त्यांच्या टेबलावर टाकून निघालो. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली असती तर मिटलं असतं. पण माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त ‘सरी’ म्हणालात, ठीक आहे ह्या अर्थी, कानडीत, दुकानदाराला म्हणावं तसं, आणि त्यानंतर माझ्याशी बोलणंच थांबवलंत. आई ताईच्या बाळंतपणाला हुबळीला गेलेली. आपल्या त्या चाळवजा वठारातल्या दोन खोल्यांत आपण दोघेच, आणि तुम्ही भिंतीशी बोलताय. ‘कुणाला चहा हवा असेल तर टोपात आहे.’ ‘कुणी तरी गिझर बंद करायचा विसरलंय.’ मीही भिंतीलाच उत्तर देतो. ‘कुणी तरी आत्ताच करणार होतं.’ शेजारच्या अक्का एकदा दारातून म्हणाल्या, ‘घरात पाहुणे आलेत का रे, आवाज येतोय?’ तेव्हा दोघांनाही हसू आलं आणि दोघांनीही ते दाबलं.

मी जयनगरात एका ब्राउझिंग सेंटरवर कामाला लागलो होतो. तुम्ही फॅक्टरीत मित्रांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ असं सांगायचात, ते मला नंतर कळलं. सहा मशीन, प्लायवूडचे आडोसे, आणि मी दारात बसून लोकांच्या वेळा बघतोय. गिऱ्हाईक नसलं की मी सगळ्यात कोपऱ्यातल्या मशीनवर त्या गायकाच्या चॅटरूममध्ये शिरायचो. तिथं सगळं इंग्रजी अक्षरांत, हिंदी, इंग्रजी, काहीही. कुठल्या कॉन्सर्टमध्ये त्यानं कुठलं गाणं गायलं नाही, कुठल्या मालिकेचा शेवट बंडल होता, कुणाचं आवडतं कडवं कुठलं, ह्यावर तासन्‌तास. दुबईचा एक होता, त्याला सगळ्यातलं सगळं माहीत. आणि पुण्याची ती. मी एकदा रागावून मराठीत काही तरी टाइप केलं तर तिचं उत्तर मराठीत आलं, ‘अय्या, तू आपला?’ मग आम्ही त्या गर्दीतच मराठीत बोलायला लागलो, बाकीच्यांना कळू नये म्हणून. माझ्या मराठीला ती खूप हसायची. ‘करंट गेला म्हणजे? कुठे गेला? आम्ही लाइट गेली म्हणतो.’ मी म्हणायचो, ‘तुमच्या पुण्यात लाइट जाते, आमच्यात मुळातलंच जातं.’ अण्णा, मी पार बुडालो होतो. तिचा चेहरा बघितला नव्हता, आवाज ऐकला नव्हता, आणि मला बीएमटीसीच्या बसमध्ये उभ्या उभ्या एकट्यालाच हसू यायचं.

त्या गायकाची कॉन्सर्ट बेंगळुरात जाहीर झाली, पॅलेस ग्राउंडवर. ती लिहिते, ‘माझे भाऊ-वहिनी तिथे असतात. मी येणारे.’ मी विचारलं, भेटशील का? ती म्हणाली, ‘गुरुवारी शेवटचा भाग आहे. रूममध्ये सगळे आपापलं मत लिहिणारेत. तू काय लिहितोस बघते, मग ठरवते.’ गंमतच करत होती ती. पण मी ते परीक्षेसारखं घेतलं, आणि परीक्षेत माझं काय होतं ते तुम्ही पाहिलंच होतं. गुरुवारी माझी ड्यूटी. सेंटरवर टीव्ही नाही. घरी व्हीसीआर नाही. शेजारच्या अक्कांच्या घरी त्या वेळी कानडी मालिका असते, आणि त्यांना ती सोडा म्हणायची हिंमत अख्ख्या गल्लीत कुणाची नव्हती. राहिलात तुम्ही.

आणि गुरुवार म्हणजे तुमचं भजन. विठोबाच्या देवळातला तुमचा गुरुवार मी जन्मल्यापासून चुकलेला मला माहीत नाही. ताप असला तरी मफलर गुंडाळून जायचात. लहानपणी मीही मांडीशी बसायचो, म्हणून तुमच्यातला एक दंडक मला ठाऊक होता. पुढे म्हणणारा अडखळला, ओळ विसरला, तर शेजारच्यानं ती उचलायची. त्यालाही आठवत नसेल तर त्याच चालीत सुचेल ते म्हणायचं, पण ओळ खाली पडू द्यायची नाही. एकदा पुढे बसलेल्या आजोबांना ठसका लागला, आणि तुम्ही टाळ न थांबवता त्याच चालीत उचललंत, ‘पाणी द्या हो, म्हाताऱ्याला पाणी द्या.’ आणि मागच्या सगळ्यांनी डोळे मिटून, माना डोलवत, भक्तिभावानं म्हटलं, ‘पाणी द्या हो, म्हाताऱ्याला पाणी द्या.’ पाणी आलं, आजोबा प्यायले, आणि पुढची खरी ओळ सुरू झाली. घरी येताना मी हसून हसून रस्त्यात बसलो होतो. तुम्ही मात्र गंभीर. ‘हसतोस काय? तुटलं असतं की.’

बुधवारी तुम्ही दाराच्या चौकटीत बसून बूट पुसत होतात. मी भिंतीकडे बघून सुरुवात केली, ‘कुणाला उद्या साडेआठला वेळ असेल तर...’ आणि पुढे मला जमेना. मी सरळ म्हणालो, ‘अण्णा, एक काम आहे.’ कॉलेज सोडल्यापासूनची माझी पहिली हाक. तुम्ही ब्रश खाली ठेवलात. मी मालिकेचं सांगितलं, मुलीचं नाही. मुंबईतली एक गाणारी मुलगी आहे, तिच्या मागे दोघे आहेत, एक तिच्याबरोबर वाजवणारा गरीब, एक श्रीमंत. ती घर सोडून आलीय, तिचा बाप तिच्याशी बोलत नाही. हे शेवटचं मी सहज सांगितलं, देवाशपथ. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘बाप का बोलत नाही?’ मी म्हणालो, ‘गाण्यासाठी शिक्षण सोडलं म्हणून.’ तुम्ही परत ब्रश उचललात. ‘बघतो की,’ म्हणालात. भजनाचा शब्द काढला नाहीत.

गुरुवारी नऊच्या सुमाराला मी सेंटरवरून फोन लावला. तुम्ही पहिल्याच रिंगला उचललात. मागे टीव्हीचा आवाज नव्हता. मला वाटलं, संपला म्हणून बंद केला असेल. तुम्ही सांगायला लागलात, सावकाश, घोट घेत घेत. ती स्टेशनवर बाकावर बसलीय, पेटी पायाशी, इकडे एक गाडी, तिकडे एक गाडी. ‘हं, मग?’ ‘मग... मग ती उठली. कुठल्याच गाडीत बसली नाही. बाहेर आली. ऑटोवाल्याला विचारलं, तो म्हणतो मीटरवर दीडपट. ती म्हणाली, दीडपट कशाला, माझ्या बापाच्या घरी चाललेय. तो म्हणाला, बसा अक्का.’ मी भराभरा टाइप करतोय, फोन मानेत धरून. ‘घरापाशी उतरली. आतून टाळ ऐकू येतोय. बाप एकटाच म्हणत बसलाय, आणि मध्येच अडखळतो. त्याला पुढची ओळ सुचेना. तर हिनं बाहेरूनच उचलली. दार वाजवलं नाही काही नाही. बापानं टाळ थांबवला नाही. तसाच उठला, वाजवत वाजवत आला आणि दार उघडलं. झालं.’ मी विचारलं, ‘आणि ते दोघे?’ ‘ते गेले असतील आपापल्या गाडीनं.’

मी सगळं रूममध्ये टाकलं. आणि रूम फुटली, अण्णा. दुबईवाला लिहितो, ‘भाई, कौनसा चैनल देखता है? मुंबई में कौनसा ऑटोवाला डेढ़ मीटर माँगता है, और वो भी अक्का बोलके?’ खरा शेवट भलताच होता. श्रीमंत माणूस फलाटावर विमानाची तिकिटं घेऊन येतो, ती त्याच्याबरोबर जाते, वरून गाणं. सगळे हसताहेत, आणि तीही, ओळभर ‘हाहाहा’. मी मोठ्या अक्षरांत दुबईच्या सगळ्या खानदानाला काय काय लिहिलं आणि मशीनचं बटणच दाबून बंद केलं.

घरी आलो तर आख्खं वठार काळोखात आणि तुम्ही मेणबत्तीशी बसलेले. मी दारातच सुरू झालो. ‘काय सांगितलंत मला?’ तुम्ही म्हणालात, ‘करंट गेला रे. ती बाकावर बसली आणि गेला.’ ‘मग करंट गेला म्हणून सांगायचं ना!’ ‘तू विचारलंस, हं, मग? अर्ध्यावर कसं सोडायचं?’ मी म्हणालो, ‘हे काय तुमचं भजन आहे?’ तेवढ्यात कोनाड्यात तुमचे टाळ दिसले, पिशवीत न घातलेले. तुम्ही आज देवळात गेला नव्हतात. माझ्यासाठी, एका सर्दी झालेल्या गायकाच्या मालिकेसाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा निरोप होता. ‘काल मीपण हसले, सॉरी. पण सकाळी दात घासताना तेच डोक्यात होतं. खराखुरा शेवट मी विसरलेसुद्धा. बापाने दार उघडलं, मग काय म्हणाला तो? आणि खरं सांग, हे सुचलं कुणाला?’ मी लिहिलं, ‘माझ्या वडिलांना.’ तिनं लिहिलं, ‘मग त्यांना विचारून ये. नाही तर कॉन्सर्टला मी तुला ओळख दाखवणार नाही.’

तिनं ओळख दाखवली. लाइटच्या डावीकडच्या खांबाखाली, हिरवी ओढणी, भाऊ एका बाजूला आणि वहिनी दुसऱ्या. मी चार वाक्यं धड बोललो नाही. तिनं तुमचीच चौकशी केली, आणि तिच्या आवडत्या गाण्याला माझ्याकडे बघून हात वर केला. पुढे वर्षभर आम्ही लिहीत राहिलो, मग तिचं लग्न ठरलं, नागपूरला, आणि मी आठवडाभर जेवलो नाही. तेव्हा तुम्ही मला काही विचारलं नाहीत, फक्त भजनाला बरोबर नेलंत आणि एक टाळ हातात दिलात. हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या शुक्रवारचं.

संध्याकाळी मी घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसला आहात. परातीत भिजवलेले अवरेकाळू, वालाचे दाणे, आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर उडवताय. आईशिवाय हे किचकट काम तुम्ही कधी केलं नव्हतं. मी शेजारी बसलो, मीही दाबायला लागलो. माझा पहिला दाणा उडून तुमच्या चष्म्यावर बसला. तुम्ही तो काढून परातीत टाकलात. मग मी विचारलं, ‘अण्णा, बापानं दार उघडलं. पुढे काय म्हणाला तो?’

तुम्ही हात थांबवला नाहीत. ‘काय म्हणणार? जेवलीस का, विचारलं असेल.’

परातीत दाणे पडत राहिले. मग, भिंतीकडे न बघता, तुम्ही विचारलंत, ‘तू जेवलास का?’

मी ‘नाही’ म्हणालो. तुम्ही उठून कुकर लावलात, त्या दाण्यांची आमटी केलीत, मीठ जरा जास्त झालं, आणि समोर बसून मला तीनदा वाढलंत. कॉलेजचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतर निघाला तेव्हा तो आपण एकमेकांशी बोललो, भिंतीशी नाही.

खाली ‘पाठवा’ असं बटण आहे. दाबलं तर हे सगळं इंदूरच्या बाईंना जाईल, आणि मग त्यांच्या आईचं रडणं खोटं ठरेल. नाही दाबत. पुसून टाकतो आणि बाईंना लिहितो, ‘बरोबर आहे, मलाही असंच आठवतंय.’

फक्त एक गोष्ट राहिली. त्या शुक्रवारी सेंटरच्या मालकांच्या मुलीचा वाढदिवस होता, अण्णा. निघतानाच मी भरपेट बिसीबेळे भात खाऊन आलो होतो.