दिवाळीची मुराळी

तीर्थरूप आईस,
कस्तुरीचा वाकून नमस्कार.

इथे सगळं छान आहे, काळजी नको. आज वरद मला इंग्रजांच्या काळातला एक बंगला दाखवायला घेऊन आलाय. डागडुजी करून अगदी नवा केलाय. पांढऱ्या भिंती, काळी तुळयांची चौकट आणि भोवती एवढी झाडी की पलीकडचा रस्ताही दिसत नाही. इथल्या बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटमधून बऱ्याच दिवसांनी बाहेर पडले, त्यामुळे डोळे दिपले.

व्हरांड्याला बांबूचे पडदे आहेत. गाईडबाई म्हणाल्या, इथली मडम दिवसभर त्यांच्याआड बसायची. तिला बाहेरचं सगळं दिसे, ती मात्र कोणाला दिसत नसे. वरदला ते फार आवडलं. मी म्हटलं, तळ्यापर्यंत एकटी जाऊन येते, तर म्हणाला, "चुकशील."

फोन लागत नाही म्हणून रागावू नकोस. माझ्या हातून बिघडतो, म्हणून वरदच सांभाळतो. पासपोर्टही. हे कार्डसुद्धा वाचून तोच पेटीत टाकणार आहे.

बाबांचा गुडघा कसा आहे? जिना उतरतात का?

एक हट्ट आहे. दर दिवाळीला आपण आत्याकडे मुराळी पाठवायचो आणि मग आत्या बाबांबरोबर घरी यायची, आठवतं? तशी मलाही पाठव. वरदने विचारलं, मुराळी म्हणजे काय? मी सांगितलं, फराळातला प्रकार, कडबोळ्यासारखा.

कुरियरने नको, मोडते. दादालाच घेऊन येऊ दे. आणि दिवाळीपर्यंत थांबू नकोस गं, मला आत्ताच खावीशी वाटते आहे.

तुझीच,
कस्तुरी